तळं थोडक्यात हुकलं

आमचं तळं मोठं नाही, हे आम्हाला फोनवरून कळलं. इतकी वर्षं त्याच्या काठावर राहून, त्याचा वास घेऊन, त्याच्या डासांना पोसून आम्ही त्याला मोठंच समजत होतो. पलीकडचा काठ धड दिसत नाही, मधोमध गेलेल्या होडीतला माणूस ओळखू येत नाही, आणखी काय करायचं असतं हो तळ्यानं मोठं व्हायला? पण निधीच्या ऑफिसातली माणसं काठावर राहत नाहीत. त्यांच्याकडे एक आकडा होता आणि आमचं तळं त्या आकड्याला थोडक्यात हुकलं होतं.

किती थोडक्यात? दोन खोल्या आणि एक न्हाणीघर बसेल एवढ्या जागेनं. मोजणी मीच केली होती. मी तळे विभागात मोजणीदार आहे आणि माझी मोजणी चुकत नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच मला याचं वाईट वाटलं.

झालं होतं असं, की गोड्या पाण्याची मोठी तळी सुधारायला सरकारनं भरघोस निधी काढला होता. गाळ उपसायचा, नाल्यांचं पाणी शुद्ध करूनच आत सोडायचं, जलपर्णी काढायची, काठावर झाडं लावायची, सगळं त्यात बसत होतं. छोट्या तळ्यांसाठी वेगळी योजना होती. तिच्यात एक फलक आणि दोन कचरापेट्या मिळत. फलकावर ‘तळे वाचवा’ असं लिहिलेलं असे. कोणी वाचवायचं ते लिहिलेलं नसे.

आणि आमच्या तळ्याला वाचवायची गरज होती, अगदी आत्ताच्या आत्ता. त्याच्यावर हिरवी दाट साय धरली होती. मासे पोट वर करून काठाला लागायचे. ऑफिसच्या खिडक्या आम्ही कधीच उघडत नसू, आणि एकदा नव्या शिपायानं उघडली तर साहेबांनी त्याला खिडकीपेक्षा मोठ्यानं बंद केलं.

आमचे साहेब माणूस चांगला, पण घाबरला की त्यांना कल्पना सुचतात. फोन ठेवल्या ठेवल्या म्हणाले, “तळं फुगवता नाही का येणार?”

“म्हणजे?”

“म्हणजे पाणी ओतायचं. अग्निशमनचे बंब आहेत की!”

“साहेब, बंब पाणी भरतात तळ्यातूनच.”

यावर त्यांनी बराच वेळ विचार केला आणि तरीही दोन बंब बोलावलेच. बंबांनी एका बाजूनं पाणी उचललं, दुसऱ्या बाजूनं सोडलं, आणि संध्याकाळपर्यंत तळं होतं तेवढंच राहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, वारा असताना मोजा, लाटा जरा बाहेर येतात. मी म्हटलं, साहेब, या बाजूला बाहेर आल्या की त्या बाजूला आत जातात. तिसऱ्या दिवशी ऑफिसमागचं डबकं चर खणून तळ्याला जोडायचं ठरलं. डबक्यानं ते मनाला लावून घेतलं असावं, ते आटूनच गेलं.

शेवटी मी मुकाट्यानं जुना नकाशा काढला आणि नव्यावर ठेवला. सगळीकडे काठ जुळत होता. फक्त एका घरामागे तळ्याचा लचका तोडल्यासारखा दिसत होता. दोन खोल्या आणि एक न्हाणीघर, अगदी मापात.

ते घर माझ्या मावशीचं होतं.

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं उचललं. माझी मावशी तिसरीत त्यांची बाई होती. आजही ती रस्त्यात दिसली की साहेब हात मागे बांधून उभे राहतात. कायद्यानं ती जागा तळ्याची होती, नोटीस धाडून काढून घेता आली असती, पण नोटिशीवर सही साहेबांची लागते.

“तुम्हीच बोला,” साहेब म्हणाले. “घरातलं माणूस आहात. गोडीगुलाबीनं.”

गोडीगुलाबी आणि माझी मावशी! हा माणूस तिसरीत काय शिकला होता देव जाणे.

तर मावशीच्या त्या परसाची गोष्ट सांगते. काका गवंडी होते. लग्न होऊन मावशी त्या घरात आली तेव्हा मागचं दार उघडलं की पायरी आणि पायरीखाली थेट तळं. मावशी एकदा सहज म्हणाली, की मागे एक खुर्ची मावेल एवढी जागा असती तर संध्याकाळी बसता आलं असतं. झालं! त्या दिवसापासून काका कामावरून येताना विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, पाडलेल्या भिंतींचा राडारोडा पोत्यात घालून आणायला लागले आणि मागच्या दारातून पाण्यात टाकायला लागले. इतरांचे नवरे घरी येताना काहीबाही गोड आणत, हे पोतं आणत. खुर्चीपुरती जागा झाली. मग त्यांना वाटलं, आपलीही खुर्ची. मग चहा ठेवायला जागा. मग कपडे वाळत घालायला, मग भोपळ्याचा वेल. शेवटी जुन्या होडीच्या फळ्यांचा एक बाक करून ठेवला आणि त्यावर दोघं रोज संध्याकाळी तळ्याकडे तोंड करून बसायला लागली. काका गेल्यावर मावशी एकटी बसायची, आपल्या बाजूला. त्यांची बाजू मोकळी ठेवायची.

गावात काकांना सगळे ‘तळंखाऊ’ म्हणायचे. हसत म्हणायचे, पण म्हणायचे. मावशीला ते अजून झोंबतं. आणि आता मला तिच्याकडे जाऊन हे सांगायचं होतं, की मावशी, खरंच गं, खाल्लं त्यांनी.

मी गेले तेव्हा ती भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं, निधी, आकडा, नकाशा. ती ऐकत होती. एक पातेलं तिनं इतकं घासलं की त्याचा तळ पातळ झाला असेल.

“म्हणजे तळं हिरवं झालं ते ह्यांच्यामुळे?”

“तसं नाही गं. हिरवं नाल्यांमुळे झालं. कमी पडलं ते काकांमुळे.”

“वा! सगळ्या गावानं घाण सोडली ती चालली, आणि माझ्या नवऱ्यानं चार विटा टाकल्या त्या खुपल्या?”

“चार नाहीत, मावशी. मी मोजलंय.”

हे मी बोलायला नको होतं. मावशीनं पातेलं आपटलं, हात पुसले आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. ती बोलणं बंद करते म्हणजे गप्प बसत नाही. ती किटलीशी बोलते.

“सांग तिला,” ती किटलीला म्हणाली, “लहानपणी याच परसात लोळत होती. पहिलं पाऊल इथंच टाकलंन. आता मोजायला आली.”

“मावशी, माझ्याशी बोल.”

“सांग तिला, दार लोटून घे जाताना.”

मी दार लोटलं, आपटलंच म्हणा. रस्ताभर माझा जळफळाट चालला होता. एक बाक, एक भोपळ्याचा वेल आणि वाळत घातलेले दोन टॉवेल, यांच्यासाठी अख्खं तळं मरू द्यायचं का? आणि त्याच वेळी मला रडू येत होतं, कारण लोळत होते मी तिथं. काका मला त्या बाकावर उभं करून तळं दाखवायचे, म्हणायचे, बघ, हे सगळं तुझ्या मावशीचं अंगण.

आठवडाभर मी रोज गेले. किटलीनं मला बरंच काही सुनावलं. मी नोकरीला लागले तेव्हापासून शिंगं फुटलीत, माझ्या आईनं मला डोक्यावर चढवून ठेवलं, माझ्या साहेबाला अजून सातचा पाढा येत नाही. मी ऐकून घेत होते. निधीच्या ऑफिसातल्या बाई फेरमोजणीला यायचा दिवस जवळ आला होता, आणि साहेब ऑफिसात फलक कुठं लावायचा याची जागा बघायला लागले होते. कचरापेट्यांचा रंगही त्यांनी निवडला होता.

मग एका संध्याकाळी मी गेले तर मावशी मागच्या पायरीवर उभी होती, परसात नाही. नाकाला रुमाल लावून बाकाकडे बघत होती. मेलेल्या माशांचा असा भपकारा येत होता की माझेही डोळे चुरचुरले.

“यंदा एकदाही बसले नाही मी तिथं,” ती म्हणाली. किटलीला नाही, मला. “बसवतच नाही. रोज ठरवते, रुमाल घेऊन जाते, आणि परत येते. नाक दाबून किती दिवस आठवण काढू गं मी त्यांची?”

“घ्या काढून,” ती म्हणाली. “तळं तरी जगू दे. पण रेघ मी मारणार. तुझ्या त्या साहेबाला दिली तर माझं स्वयंपाकघरही नेईल.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आखणीच्या चुन्याच्या भुकटीचा, म्हणजे फक्कीचा डबा आणला आणि मावशीनं स्वतःच्या हातानं रेघ मारली. घराच्या बाजूनं पायरीला लागून, मग दोन्ही कुंपणांच्या कडेनं थेट पाण्यापर्यंत. तिन्ही बाजू पांढऱ्याशुभ्र, चौथीला तळं. फळ्यावर रेघ मारावी तशी सरळ. मारताना ती एकदाही थांबली नाही. मारून झाल्यावर डबा माझ्या हातात देऊन आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली.

खोदकामाला साहेबांनी चरवाल्याला सांगितलं. चरवाला म्हणजे पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनसाठी चर खणणारा आमचा जेसीबीवाला. उभ्या आयुष्यात त्यानं चराशिवाय दुसरं काही खणलेलं नाही. त्याचा एकच नियम, फक्की दिसली की चालू करायचं आणि फक्की संपली की बंद करायचं. मी त्याला फोन करून सांगितलं, “मावशीच्या परसात फक्की मारून ठेवलीय, सकाळी काम उरकून टाका.” तो म्हणाला, “दुपारच्या आत होतंय, ताई.” मला कसली शंका येणार? काय खणायचंय ते सगळ्या गावाला माहीत होतं. गावाला माहीत होतं म्हणून त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या सकाळी मी मावशीला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले. तिला चष्मा नको होता. पण बाक उचलून टाकताना तिनं बघू नये असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं नव्हतं. दुकानदारानं तिला अक्षरं वाचायला लावली. ती वाचता वाचता म्हणाली, “आता वेल काढला असेल.” मग खालची ओळ वाचून म्हणाली, “आता बाक गेला.” दुकानदार बिचारा अक्षरांमध्ये बाक शोधत राहिला.

दुपारी परत आलो तर घरामागून साहेबांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मी मागचं दार उघडलं.

परस होतं तिथंच होतं. बाक होता, वेल होता, टॉवेल वाळत होते. आणि त्यांच्याभोवती, पायरीपासून सुरू होऊन दोन्ही कुंपणांच्या कडेनं थेट तळ्यापर्यंत, एक सुरेख चर खणलेला होता. दोन्ही टोकांनी तळ्याचं पाणी त्यात शिरलं होतं आणि पायरीखाली येऊन मिळालं होतं. चरवाला मशीनवर बसून घाम पुसत होता.

“रेघ सोडली नाही ताई, बोटभर सुद्धा,” तो अभिमानानं म्हणाला. “पाइप कधी येणार?”

“कसला पाइप!” साहेब किंचाळले. “अरे आतलं काढायचं होतं, आतलं! रेघेच्या आतलं!”

“आतलं?” चरवाल्यानं साहेबांकडे असं बघितलं की जणू त्यांचंच डोकं फिरलंय. “साहेब, आतलं काढायचं तर फक्की आत मारायची ना.”

“मग काढ आता! आत्ताच्या आत्ता काढ!”

“आता कसं काढू? मध्ये चर आहे. मशीन चर ओलांडत नाही.”

“चर कोणी खणला?”

“मीच की,” चरवाला म्हणाला. “पाइप आला की बुजवू.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं, कारण रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला होता. निधीवाल्या बाई वेळेच्या आधी आल्या होत्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, काखेत मोजणीचं यंत्र, आणि चेहरा असा की आजवर कोणी त्यांना हसवायचं धाडस केलं नसावं.

साहेबांनी हात मागे बांधले. एकीकडे त्यांच्या तिसरीतल्या बाई, दुसरीकडे निधीवाल्या बाई, मधे साहेब. “मॅडम,” ते म्हणाले, “जरा गैरसोय झालीय. म्हणजे काम प्रगतीपथावर आहे. म्हणजे उलट्या बाजूनं प्रगतीपथावर आहे.”

बाईंनी त्यांना हातानंच गप्प केलं. चराच्या कडेनं चालत गेल्या, एका टोकाशी बूट बुडवून पाहिला, मग दुसऱ्या टोकाशी. काठी घालून खोली पाहिली. मग सावकाश मान वर केली.

“हे बेट आहे,” त्या म्हणाल्या.

“हो, पण ते चुकून...” साहेब.

“चारी बाजूंनी तळ्याचंच पाणी आहे. म्हणजे बेट.”

“मॅडम, आम्ही आठ दिवसांत बुजवतो, आय मीन, खणतो.”

“कशाला? बेट तळ्यातच मोजतात.”

चरवाल्यानं मशीन बंद केलं.

“क्षेत्र बाहेरच्या काठानं धरतात,” बाई साहेबांना समजावून सांगू लागल्या. “आत बेट असेल तर ते तळ्याचंच. पक्ष्यांना लागतं. उलट चांगलं समजतात. मोजणीदार कोण?”

मी यंत्र लावलं. चराच्या बाहेरच्या कडेनं, मावशीच्या पायरीला खेटून, मी आकडा घेतला. पुन्हा घेतला. आमचं तळं मोठं होतं. मोठं म्हणजे फार नाही, एक न्हाणीघर वर उरत होतं, पण मोठं होतं!

“आमचं नियोजनच तसं होतं,” साहेब तत्काळ म्हणाले. त्यांचे हात आता मागे नव्हते.

पण बाईंचं संपलं नव्हतं, त्यांनी नियमांचा कागद काढला. बेटावर पक्के बांधकाम नसावं, पूल नसावा, देखरेख करणाऱ्याशिवाय कोणाचा वावर नसावा. त्या वाचत गेल्या तसा मावशीचा चेहरा उतरत गेला. बाक समोर दिसत होता आणि मधे पाणी होतं. रेघ तिनं स्वतःच मारली होती.

“तिथं टॉवेल कोणाचे?” बाईंनी विचारलं.

“माझे,” मावशी म्हणाली. “वाळलेत. काढायला कशी जाऊ आता मी?”

बाईंनी टॉवेलांकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं. नाल्याच्या पाइपावर कायम बसलेला आमचा म्हातारा बगळा तेवढ्यात उडाला आणि बाकावर येऊन उतरला. काकांच्या बाजूला नाही, मावशीच्या बाजूला.

“हाड!” मावशी ओरडली. “ती माझी जागा आहे!”

बगळा मुकाट्यानं सरकला आणि बाकाच्या मधोमध बसला. निधीवाल्या बाईंच्या तोंडाला काहीतरी झालं. मला वाटतं त्या हसल्या.

“देखरेखीला तुम्हीच बऱ्या,” त्या म्हणाल्या. “पक्षी ऐकतात तुमचं. मात्र पूल चालणार नाही.”

“पूल कशाला,” मावशी म्हणाली. “फळी टाकीन. आले की उचलून घेईन. फळीला काही पूल म्हणत नाहीत.”

बाईंनी जरा विचार केला आणि फळीला पूल म्हणत नाहीत हे मान्य केलं. मग पेन काढून म्हणाल्या, “नकाशात बेटाला नाव लागेल. काय लिहू?”

साहेबांनी घसा खाकरला. त्यांना नाव सुचलं होतं आणि ते त्यांचं स्वतःचं होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मावशीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि साहेबांचे हात आपोआप मागे गेले.

“ह्यांचं बेट,” मावशी म्हणाली.

“कोणाचं?”

“ह्यांचं.”

बाईंनी तसंच लिहून घेतलं. सरकारी नकाशात आजही तसंच आहे.

निधी आला. यायला वेळ लागला, सरकारी होता. नाले अडवले, गाळ उपसला, साय गेली. एका सकाळी आमच्या शिपायानं खिडकी उघडली आणि साहेब काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले, अरे, वास कुठं गेला? चरवाला मधूनमधून ऑफिसात डोकावून पाइपाचं विचारतो. आम्ही त्याला चहा देतो आणि येतोय म्हणून सांगतो. आता काय सांगणार त्याला?

परवा संध्याकाळी मी मावशीकडे गेले. ती फळी टाकून पलीकडे गेली होती, आपल्या बाजूला बसली होती. रुमाल मांडीवर घडी घालून पडला होता. मी पायरीवरूनच हाक मारली, “येऊ का गं?”

“देखरेख करणाऱ्याशिवाय कोणाचा वावर नसावा,” ती मागे न बघता म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, “ये. पण त्यांच्या बाजूला बसू नकोस.”

मी खाली विटांवर बसले. पाणी इतकं नितळ होतं की काठालगतच्या काकांच्या फुटक्या फरशा तळाशी दिसत होत्या, निळ्या, पिवळ्या, कोणाकोणाच्या न्हाणीघरातल्या. मावशी त्यांच्याकडे बघत होती.

“तळंखाऊ म्हणायचे मेले,” ती म्हणाली. “बघा म्हणावं आता. ह्यांच्यामुळे मोठं झालं.”

मी मोजणीदार आहे. यातलं काय खरं आणि काय नाही हे मला अगदी मापात माहीत आहे. मी म्हटलं, “हो ना मावशी, काकांमुळेच झालं.”